बोटभर माणसांची कांती

४ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

तुझा पत्ता खेळांच्या दुकानातल्या काकांकडून घेतला. त्यांच्यावर रागावू नकोस, मी तगादा लावला म्हणून त्यांनी दिला. फोन केला असता, पण तू गेल्यापासून माझा फोन उचलत नाहीस. वाजत राहिलेला फोन ऐकत बसण्यापेक्षा पत्र बरं. फाडायचं झालं तरी ते आधी हातात घ्यावं लागतं.

कामाचंच लिहितेय. परत ये वगैरे काही म्हणणार नाही.

काकांकडे मोठी ऑर्डर आली आहे. कुठल्याशा क्लबची पटावरच्या लढाईच्या खेळाची स्पर्धा आहे आणि त्यांना छोट्या बाहुल्यांचं अख्खं सैन्य रंगवून हवंय. बुटके योद्धे, रानातल्या धनुर्धारी बायका, हिरवे राक्षस आणि एक म्हातारी चेटकीण. सगळी बोटभर उंचीची, पण अट अशी की कातडी खरी वाटली पाहिजे. चिलखतं काय, कोणीही चकचकीत करतं, चेहरे मात्र तुमच्याकडचेच हवेत, असं क्लबवाले म्हणाले. तुमच्याकडचे म्हणजे तुझे. तू इथे नाहीस हे काकांनी त्यांना सांगितलेलं नाही. मीही नाही.

मी अगदी तुझ्यासारखंच करायला बघते. आधी प्रायमरचं अस्तर, मग अंगाचा मधला तपकिरी रंग, दोन पातळ हात देऊन. वाळला की तांबूस वॉश, पाण्यासारखा पातळ. तो सुरकुत्यांत, नाकाच्या बाजूला, बोटांच्या फटींत जाऊन बसतो. मग उंचवट्यांवर पुन्हा फिकट. करायचं ते सगळं करते, आणि शेवटी चेहरा बघितला की तो माझ्याकडे बघत नाही. तुझे बघायचे.

तू वॉशमध्ये नक्की काय घालायचीस? एवढंच कळव.

घरी सगळं ठीक आहे. दादा ठीक आहे. फरशीवरचा तो डाग मी घासला, पण पूर्ण गेला नाही.

तुझी,
नणंद (अजून तरी)


२३ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

तुझं पत्र मिळालं. दोन्ही बाजूंनी भरलेलं, आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत फक्त रंग. घरातल्या कोणाचा शब्दाने उल्लेख नाही. मी ते तीनदा वाचलं, कुठेतरी "तू कशी आहेस" लपलं असेल म्हणून. नव्हतं. असो, मागितलं तेवढंच तू दिलंस.

तू लिहिलंस की कातडी म्हणजे एक रंग नव्हे, आत चाललेल्या गोष्टींचं वरून दिसणं. म्हणून नाकाचा शेंडा, कानाच्या पाळ्या आणि बोटांची पेरं यांना लालसर वॉश वेगळा द्यायचा, डोळ्यांखाली जांभळट, पुरुषांच्या हनुवटीवर अगदी किंचित हिरवट. आणि हिरव्या राक्षसालाही तांबडा वॉश द्यायचा, कारण त्याच्याही अंगात रक्त आहे. हे वाचून मला हसू आलं. तू हे सगळं तोंडाने कधी सांगितलं नाहीस. मी तलवारी घासत बसायचे आणि तू खिडकीपाशी चेहरे करायचीस, मध्ये फक्त तुझं ते गुणगुणणं.

काका म्हणाले, तू तिकडे कार्यशाळेत खऱ्या माणसांसाठी नाकं, कान, बोटं रंगवतेस. ज्यांचं अपघातात किंवा आजारात गेलं त्यांच्यासाठी. खरं का? त्या माणसांना समोर बसवून, त्यांच्या गालाशी रंग लावून बघतेस? मला ते डोळ्यासमोर आणता येतं. तू जीभ दाताखाली धरून बसली असशील.

तुझ्या सांगण्याप्रमाणे पहिली तुकडी केली आणि काकांना नेऊन दिली. त्यांनी एक बुटका योद्धा उचलला, दिव्याखाली धरला, चष्मा कपाळावर घेतला आणि म्हणाले, "ताई, हा लढायला निघालाय की तिरडीवरून उठलाय?"

दुकानातली सगळी हसली. मीही हसले. काय करणार?

सगळी परत आणली. काका वाईट नाहीत, पण म्हणाले की पुढच्या खेपेला जमलं नाही तर ते दुसऱ्या कारखान्याला देतील, तिथे मशिनवर रंगवून मिळतं. आणि हे गेलं की पुढचंही गेलं. मी म्हटलं, रंगाची बाटली जुनी झाली असेल. दिवा पण मंद असेल. नवा रंग आणला, नवा दिवा आणला, पुन्हा रंगवलं.

मी ते वाळत ठेवत होते तेव्हा दादा दारात येऊन उभा राहिला. तू गेल्यापासून त्या खोलीत त्याने पाय ठेवला नव्हता. त्या भांडणाच्या दिवशी रंगांचं ताट भिरकावून "बाहुल्यांवर घर चालवता दोघी" म्हणाला, त्यानंतर टेबलाकडे त्याने बघितलंही नव्हतं. या वेळी मात्र उंबऱ्यावरूनच म्हणाला, "निळे दिसतायत."

एवढंच बोलून गेला. मला इतका राग आला! छापखाना बंद पडल्यापासून हा माणूस खुर्चीतून उठत नाही, आणि उठला तर हे बोलायला. मी दार लावून घेतलं.

पण रात्रंदिवस तोच शब्द डोक्यात. मला ते निळे दिसत नाहीत, वहिनी. मला ते अगदी उबदार, तुझ्यासारखे दिसतात.

तुझी,
नणंद


९ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

आता खरं सांगते. मागच्या पत्रात लपवलं होतं.

गेले कित्येक महिने दिव्याभोवती वलयं दिसतात. जिना उतरताना शेवटची पायरी चाचपावी लागते. दूध उतू जातं ते वासावरून कळतं. मी म्हणत राहिले, वय झालं, झोप कमी, डोळे थकले. घरात एक माणूस खुर्चीत बसलेला असताना दुसऱ्याने डोळे थकल्याचं कोणाला सांगायचं?

शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी ती थंड यंत्रं डोळ्यांसमोर धरली आणि म्हणाल्या, दोन्हीकडे मोतीबिंदू, चांगले पिकलेले. मी विचारलं, रंगाचं काय? त्या म्हणाल्या, "तुम्ही सगळं जग चहातून बघताय. निळा रंग तुमच्यापर्यंत पोचतच नाही."

म्हणजे असं होतं, की मला सगळेच चेहरे पिवळट दिसायचे, म्हणून मी हात आखडता न घेता जांभळं, निळं घालत सुटले होते. मला ते बरोबर दिसले की थांबायचे. आणि बाकी जगाला ते तिरडीवरून उठलेले दिसायचे.

घरी येऊन टेबलाशी बसले. रडले नाही, तेवढी ताकद नव्हती. फक्त बसले. दादाने बाहेरून विचारलं, "काय म्हणाली डॉक्टर?" मी सांगितलं. तो उठला. मग स्वयंपाकघरातलं स्टूल आणून माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, "कुठला रंग कुठे आहे ते दाखव."

तू त्याला छापखान्यातून दमून आलेला बघितलंस, चिडलेला बघितलंस, पण तिथे तो काय करायचा ते कधी बघितलं नव्हतंस. मीही नव्हतं. त्याने कागदाच्या एका तुकड्यावर माझा वॉश लावला, बोटाने पुसला, आणि म्हणाला, "यातलं निळं निम्म्याने काढ. तांबडं टिचभर घाल." आयुष्यभर शाया जुळवलेला माणूस. ते त्याच्या डोळ्यातच आहे, मशिन बंद पडली म्हणून डोळा थोडाच बंद पडतो.

आता आम्ही असं काम करतो. ब्रश माझा, डोळा त्याचा. तो म्हणतो, "थोडं लाल. अजून. थांब. थांब म्हटलं ना!" वॉश साचला की स्वच्छ ओल्या ब्रशने तो टिपून घ्यायचा असतो, हे त्याला मी शिकवलं. पहिल्यांदा टिपायला गेला तर त्या जाड्या बोटांनी धनुर्धारिणीचं नाकच पुसून टाकलं. मी म्हटलं, "दादा, ती वहिनीकडे जाईल हो नवीन नाक करून घ्यायला!"

तोंडातून निघून गेलं. तू गेल्यापासून तुझा उल्लेख या घरात झाला नव्हता. त्याने नुसते ब्रश गोळा केले. ते धूत असताना म्हणाला, "ती ओठांना कधीच लाल लावायची नाही. नुसता वॉश, आणि खालच्या ओठावर फिकट रेघ."

म्हणजे तो बघत होता, वहिनी. इतकी वर्षं, पेपरच्या आडून.

तुझी,
नणंद


२ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

सैन्य गेलं. काकांनी एकेक माणूस दिव्याखाली फिरवून बघितला आणि शेवटी चेटकिणीपाशी थांबले. तिच्या हातांवरच्या शिरा आम्ही पातळ निळ्याने काढल्या होत्या, इतक्या पातळ की हलवलं तरच दिसतील. काका म्हणाले, "हिला खुर्ची द्या, म्हातारी दमलेली दिसते."

दादाला सांगितलं तर म्हणाला, "शिरा जरा जास्तच झाल्या होत्या." पण जेवताना दुसऱ्यांदा भात घेतला नाही. मला वाटलं, आनंदाने भूक मेली. खरं तर हल्ली तो कमीच जेवतो. आणि सारखा दंड खाजवत असतो. मी म्हटलं, रंगाची ऍलर्जी असेल.

माझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात. दादा सोबत येणार आहे. एरवी त्याला कोपऱ्यावर दूध आणायला पाठवायचं तर तीन वेळा सांगावं लागतं, पण हे स्वतःहून म्हणाला.

काल म्हणाला, "तिला लिहितेस ना? लिही की..." आणि थांबला. मग म्हणाला, "काही नाही." मी म्हटलं, "दादा, मी तुझी पोस्टमन नाही. तुला काय लिहायचं ते तुझं तू लिही." त्याने मान हलवली. लिहिलं नसणार, मला माहीत आहे.

तू गेलीस याचा मला राग नव्हता. मला न सांगता गेलीस, याचा आहे. सकाळी उठून बघते तर तुझे ब्रश नाहीत. कपाट उघडायचीही गरज पडली नाही. त्या ताटाचे शिंतोडे माझ्याही अंगावर उडाले होते ग. हे एकदा लिहायचं होतं, लिहिलं.

तुझी,
नणंद


१४ ऑक्टोबर

वहिनी,

अक्षर वेडंवाकडं आहे, समजून घे. एका डोळ्याने लिहितेय.

काल सकाळी पट्टी काढली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हळूच उघडा. समोर भिंत होती. वहिनी, ती पांढरी होती! दुधासारखी, निळसर छटा असलेली पांढरी. असा पांढरा असतो हे मी विसरले होते. मग माझे हात बघितले. किती म्हातारे झालेत माझे हात, शिरा, डाग, सगळं स्वच्छ. वाईट नाही वाटलं. म्हटलं, चला, खरं तर दिसलं.

आणि मग दादा आत आला, माझी पिशवी घेऊन.

मला वाटलं, डोळा अजून ताळ्यावर आला नाही. नवा डोळा मिटला आणि जुन्याने बघितलं. जुन्याने तो नेहमीसारखा दिसला, सगळं जगच पिवळट, त्यात तो. पुन्हा नव्याने बघितलं. भिंत पांढरी. बाईंचा कोट पांढरा. दादा पिवळा. गाल, मान, तळहात. डोळ्यांतलं पांढरंसुद्धा पिवळं, वहिनी.

मी म्हटलं, "दादा, इकडे उजेडात ये." तो आला नाही. पिशवीची चेन लावत राहिला. तेव्हाच मला कळलं की त्याला ठाऊक आहे.

ज्या माणसाला बोटभर बुटक्याच्या गालावरचा टिचभर निळा दिसतो, त्याला आरशात स्वतःचं तोंड दिसलं नसेल? मी तिथेच, सगळ्यांसमोर, ओरडले त्याच्यावर. "कधीपासून?" तो म्हणाला, "झाले थोडे आठवडे. रोज दाढी करताना बघत होतो. आधी मळक्या कागदासारखा होता, मग वाढत गेला. पिवळा चढलाय एवढं कळायला डॉक्टर लागत नाही."

"मग बोलला का नाहीस?"

"एका घरात एका वेळी एकानेच आजारी पडायचं असतं. तुझी पाळी होती."

आज त्याला मोठ्या इस्पितळात नेलं. कावीळच, पण साधी नाही. पित्ताच्या नळीच्या तोंडाशी गाठ आहे म्हणतात. पोटात दुखत नव्हतं म्हणून हा गप्प बसला. सर्जन म्हणाले, अजून काढण्यासारखी दिसते आहे, आणखी उशीर केला असता तर हात लावला नसता. ऑपरेशन मोठं आहे. येत्या सोमवारी.

मला एका डोळ्याने वाकायला, उचलायला, रडायलाही मनाई आहे. मी तिघींचं काम करतेय आणि त्यातली एकही मी नाही असं वाटतंय.

न.


१५ ऑक्टोबर

वहिनी,

कालचं पत्र टाकलं आणि लक्षात आलं, खरं ते लिहिलंच नाही.

ये.

त्याने सांगितलं म्हणून नव्हे. त्याला मी हे विचारलेलं नाही. तू त्याची बायको म्हणूनही येऊ नकोस, ते तुमचं तुम्ही काय ते बघा. इस्पितळाच्या बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी कोणीतरी बसलेलं हवंय. मी फार वर्षांत कोणाकडे काही मागितलं नाही, म्हणून मागायची पद्धत विसरले आहे. ये, एवढंच येतंय.


३० नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

तू तिकडे परत सुखरूप पोचल्याचा निरोप मिळाला. कार्यशाळेत तुझी वाट बघणारा तो कान ज्या बाईचा होता, ती गेली का घेऊन? तू म्हणालीस की त्या बाईला रंग पसंत पडेपर्यंत ती आरशासमोरून उठत नाही. उठू नकोस म्हणावं. आयुष्यभर वागवायचा आहे.

तू गेल्यावर इथलं सांगते.

स्टेशनवरून परत आले तर दादा खिडकीशी. विचारलं, "गेली?" मी म्हटलं, "गेली." मला वाटलं, आता पुन्हा खुर्ची, पुन्हा पेपर. तो म्हणाला, "बरं झालं. राहिली असती तर दया येऊन राहिली असती. तशी नको." मग म्हणाला, "तुमचं बोलणं झालं होतं ना नीट?" मी म्हटलं, "आमचं झालं. तुमचं?" तर म्हणे, "तिने माझी दाढी केली एकदा, इस्पितळात. तेवढं झालं."

मी बाकावर डुलक्या घेत होते तेव्हा हे कधी झालं, मला पत्ता नाही. तूही सांगितलं नाहीस. नको सांगूस.

त्याचा पिवळा रंग उतरतोय. रोज सकाळी मी त्याला उजेडात उभं करते आणि तो कुरकुरतो, "मी काय तुझा राक्षस आहे का?" डोळ्यांचं पांढरं आता पांढरं म्हणता येईल. वजन गेलं ते गेलंच. सर्जन म्हणाले, गाठ निघाली तरी दोन वर्षं डोक्यावर टांगती तलवार राहील, दर काही महिन्यांनी तपासायचं. दादा म्हणाला, "तलवारी रंगवायला बहीण आहे." सर्जनना काही कळलं नाही. मी मान खाली घालून हसले.

काकांचा निरोप होता. क्लबवाल्यांना दुसरं सैन्य हवंय, दुप्पट. मी गेले आणि नाही म्हणून आले. महिनाभर टेबल बंद. काका तोंडाकडे बघत राहिले. म्हणाले, "ताई, गिऱ्हाईक जाईल." मी म्हटलं, "जाऊ दे. माणसं रंगवायला आधी माणूस शिल्लक लागतं." आयुष्यात पहिल्यांदा कामाला नाही म्हटलं, वहिनी. बाहेर आले तर जरा हलकं वाटत होतं.

आता मुद्द्याचं. गाडी सुटता सुटता तू खिडकीतून विचारलंस, "आणि तू? तू कशी आहेस?" मी नुसता हात हलवला. गाडीचा आवाज होता म्हणून नव्हे. मला उत्तर सापडेना. घरी येताना सगळा रस्ता शोधत होते. आता सापडलंय, ते लिहिते.

मी थकले आहे. आजच नाही, फार आधीपासून. तुम्हा दोघांच्या मध्ये उभी राहून थकले. त्या ताटाआधीही थकलेलीच होते. कोणी विचारलं नाही आणि मीही कधी बोलले नाही, ठीक आहे म्हणायची सवय लागली होती. आता ठीक नाही म्हणायची सवय करतेय. दुपारी दार लावून झोपते. काल दादाने भात लावला, खालून पार करपवला. वरचा वरचा काढून आम्ही जेवलो. आज पुन्हा लावलाय. वास येतोय, पण मी उठणार नाही.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन जानेवारीत आहे. त्याला ये असं म्हणणार नाही. आलीस तर जागा तुझीच आहे, माझ्या खोलीतली.

पाकिटावर पत्ता दादाला लिहायला सांगितला. माझं अक्षर अजून वाकडं येतं म्हणून. त्याने पेन हातात घेतलं. मग मला हाक मारली, "तिच्या नावाआधी काय लिहू? आणि आडनाव कुठलं लावू, तिचं की आपलं?"

मी आतून म्हटलं, "मला नको विचारूस. ज्याचं त्याने ठरवायचं असतं."

थोड्या वेळाने येऊन त्याने पाकीट माझ्या हातात दिलं. पुढे काही नाही, मागे काही नाही, मधोमध नुसतं तुझं नाव. खाली कार्यशाळेचा पत्ता.

मी म्हटलं, "अरे, असं पोचेल का?"

म्हणाला, "पोचेल. नाव नीट लिहिलंय."

तुझी,
मी